मांजरासाठी लाकडी पेटी: पहिल्यांदाच करवत हातात घेणाऱ्यासाठी

‘शवपेटी’ हा शब्द माझ्या तोंडी बसत नाही. चार किलोच्या, सोफ्याच्या हातावर झोपणाऱ्या जिवासाठी तो फार सरकारी वाटतो. म्हणून इथे मी नुसतं पेटी म्हणणार आहे.

तुम्ही हे वाचताय म्हणजे दोहोंपैकी एक झालेलं असणार. एक तर मांजर गेलंय आणि शेजारच्या खोलीत टॉवेलवर आहे, नाहीतर डॉक्टरांनी आता फार दिवस नाहीत असं सांगितलंय. मांजर गेलेलं असेल तर करवत-फळ्यांचं नंतर बघा, आधी पुढचा भाग वाचा. लाकडाला वेळ आहे, शरीराला नाही. आणि मांजर अजून असेल तर फळ्या आजच आणून ठेवा. माझी भुरी जिवंत असताना मला ते जमलं नाही, म्हणजे तिचं मरण मीच बोलावतोय असं वाटायचं. शेवटी ती गेली त्या संध्याकाळी मी दुकानं बंद व्हायच्या आत लाकूड मिळतंय का म्हणून पळत होतो, आणि तेवढा वेळ ती घरी एकटी होती. ते मला अजून सलतं.

पहिले दोन-तीन तास

आधी खात्री. छातीवर नजर ठेवून पुरतं एक मिनिट मोजा. डाव्या कोपराच्या मागे, बरगड्यांवर बोटं ठेवून ठोका लागतो का बघा. डोळ्याच्या कोपऱ्याला हलकेच बोट लावलं तरी पापणी हलत नाही आणि बाहुल्या मोठ्या होऊन तशाच राहतात. मेल्यावरही एखादा स्नायू थरथरतो, कधी फुप्फुसातली हवा बाहेर पडून उसासा टाकल्यासारखा आवाज येतो. तो श्वास नव्हे. तरीही शंका असेल तर डॉक्टरांना दाखवा. मांजराच्या वागण्यावरून रेबीजची शंका असेल तर मात्र शरीराला हातच लावू नका. त्या वेळी पेटीचा विचार बाजूला ठेवून सरळ पशुवैद्यकाला फोन करायचा.

आता घड्याळ बघा. मृत्यूनंतर साधारण २ ते ४ तासांत शरीर ताठरायला लागतं, १२ तासांच्या सुमारास ते लाकडासारखं होतं आणि दीड-दोन दिवसांनी हळूहळू सैल पडतं. उकाड्यात हे लवकर होतं, थंडीत उशिरा. त्यामुळे मांजराला जसं झोपवायचं असेल तसं याच दोन-तीन तासांत झोपवा. कुशीवर ठेवा, मागचे पाय पोटाशी घ्या, पुढचे हनुवटीखाली दुमडा, शेपूट अंगाभोवती गुंडाळा. हात आपोआप ते करतात, कारण ही मुद्रा तुम्ही रोज पाहिलेली असते. एखाद्या पसरट टबात किंवा खोक्यात ठेवलंत तर अंग त्या गोलाव्यात राहतं, पाय परत सरळ होत नाहीत.

उशिरा कळलं आणि अंग आधीच ताठ झालं असेल तर जोर लावून पाय दुमडू नका. एक तर सांधे सैल व्हायची वाट बघा, नाहीतर पेटी लांब करा. लांबीचा हिशोब पुढे दिलाय.

याबद्दल सहसा कुणी बोलत नाही, पण स्नायू सैल पडले की लघवी आणि शी बाहेर येते, तोंडा-नाकातून थोडं पाणी येऊ शकतं. शेपटीखाली जाड कापड किंवा शोषणारा पॅड ठेवा, गालाखाली छोटी घडी. डोळे बहुतेक वेळा उघडेच राहतात. दाबून मिटत नाहीत, प्रयत्नही करू नका. तोंड पंजाकडे वळवलं की ते डोळे फारसे दिसत नाहीत. अंगावर पिसवा असतील तर शरीर थंड होताना त्या उतरतात, म्हणून तुमच्या गादीवर ठेवू नका.

मग ओल्या फडक्यानं पुसून घ्या, हवं तर ब्रश फिरवा. केसांचा एक झुबका कापून ठेवायचा असेल तर आत्ताच कापा. गळ्यातला पट्टा काढायचा की राहू द्यायचा हेही आत्ताच ठरवा. मी पट्टा काढला, घुंगरू तेवढं ठेवलं आणि मग दोन दिवस ते खिशात वाजत राहिलं.

थंडावा: बर्फाच्या पिशव्या कापडात गुंडाळून पोटाखाली आणि पाठीशी ठेवा, वितळल्या की बदला. थंड खोलीत असा एक दिवस निघतो. उन्हाळ्यात तेवढाही भरवसा धरू नका. पिशवीत नीट बांधून फ्रीजमध्ये ठेवलं तर दोन दिवस मिळतात. ही कल्पना विचित्र वाटते, मान्य. पण घाईघाईत वाकडी पेटी करण्यापेक्षा ते बरं. अनेक दवाखाने एखादा दिवस शरीर ठेवून घेतात, विचारून बघा.

टेप लावणे

संपूर्ण कामात हीच पायरी सर्वांत अवघड आहे, आणि ती सुतारकामामुळे नाही. मांजराच्या अंगाला टेप लावला की ते गेलंय हे पहिल्यांदा खरं वाटतं. त्याआधी सगळं फोनवर बोलण्यापुरतं असतं. मी टेप तीनदा काढला आणि तीनदा परत ठेवला. तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्या कुणाला तरी मापं घ्यायला सांगा आणि आकडे फक्त कागदावर मागून घ्या.

माप झोपलेल्या मांजराचं घ्यायचं. मोठ्या मांजराचं नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचं अंग साधारण ४६ सेंमी आणि शेपूट ३० सेंमीच्या आसपास. पण तेच मांजर मुटकुळं करून झोपलं की सगळं मिळून ४० ते ४५ सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि १५-१६ सेंमी उंच एवढंच उरतं. लांबी-रुंदीत दोन्हीकडून दीड-दीड सेंमी वाढवा. उंचीत खालच्या गादीचे ३ सेंमी, वरच्या पांघरुणाचा एक आणि झाकणाच्या आतल्या पट्टीचा दीड सेंमी धरा. या पट्टीचा हिशोब मी विसरलो होतो. भुरीची पेटी रात्री अकराला पूर्ण झाली, झाकण ठेवलं, तर ते बोटभर वर राहिलं. आतली पट्टी तिच्या खांद्याला टेकत होती. दाबायचं तर प्रश्नच नव्हता. पट्ट्या सोडवून पुन्हा बसवाव्या लागल्या.

पुढची सगळी मापं चार-साडेचार किलोच्या, गोल झोपलेल्या मांजरासाठी आहेत. पेटीच्या आतली जागा ४८ × ३३ × २२.५ सेंमी. तुमचं मांजर अंगापिंडानं मोठं असेल तर लांबी-रुंदी त्या प्रमाणात वाढवा. अंग सरळ ताठ झालं असेल तर आतली लांबी ७० सेंमी धरा, रुंदी तीच राहू द्या.

लाकूड

पाइन घ्या. हलकं असतं, हातकरवतीनं सहज कापलं जातं, स्क्रू सहज बसतो, आणि मातीत काही वर्षांत विरून जातं. सागवान टिकतं म्हणून लोकांना ते द्यावंसं वाटतं. पण पेटी पुरायची असेल तर टिकणं हा गुण नाही. शिवाय नवख्या हाताला ते जड जातं.

प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचा बारीक चुरा दाबून केलेला बोर्ड) टाळा. त्यांत रेझिनचा गोंद असतो, तो जमिनीत कशाला घालायचा? वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूडही नको. जुन्या पॅलेटच्या, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीच्या, फळ्या चालतात, पण त्यावरचा शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेलं, ते सोडा.

१२ सेंमी रुंद आणि दीड सेंमी जाड अशी फळी मागा. एकूण ६.३३ मीटर लागते, पण करवतीची भेग, चुका आणि झाकणाच्या पट्ट्या धरून ७.५ मीटर आणा. शिवाय २ × २ सेंमीची चौकोनी पट्टी १ मीटर. फळी विकत घेताना ती डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून एका टोकाकडून बघा. वाकडी किंवा पिळलेली असेल तर परत ठेवा. मोठ्या गाठी असलेली फळी कापताना आणि स्क्रू मारताना त्रास देते. छोट्या गाठी राहू द्या, छान दिसतात.

हत्यारं एवढीच: हातकरवत, टेप, पेन्सिल, गुण्या (काटकोन आखायचं सुतारी हत्यार), ड्रिल, स्क्रूड्रायव्हर, काचकागद, पांढरा सुतारी गोंद, दोन-चार क्लॅम्प. क्लॅम्प नसतील तर मागून घ्या, दोरी घट्ट बांधूनही भागतं. ३० मिमी लांबीचे स्क्रू, पन्नासेक.

कापणी

तुकडे असे: लांब बाजूंसाठी ५१ सेंमीचे ४, आखूड बाजूंसाठी ३३ सेंमीचे ४, तळासाठी ४८ सेंमीचे ३, झाकणासाठी ५१ सेंमीचे ३. चौकोनी पट्टीचे २२ सेंमीचे ४. झाकणाच्या आतल्या पट्ट्यांसाठी उरलेल्या फळीतून ३२ सेंमी लांब, ४ सेंमी रुंद असे २ तुकडे. फळीची उभी चीर हातानं काढणं कंटाळवाणं आहे, दुकानातच चिरून मिळालं तर घ्या.

५१ कुठून आलं? आतली लांबी ४८, त्यात दोन्ही टोकांच्या आखूड फळ्यांची जाडी दीड-दीड. तुम्ही मापं बदलणार असाल तर हा हिशोब आधी कागदावर काढा.

सगळ्या खुणा एकदम करून ठेवू नका. करवत स्वतः मिलिमीटर-दीड मिलिमीटर लाकूड खाते, म्हणजे पाचव्या तुकड्यापर्यंत अर्धा सेंमी गायब. एक खूण करा, कापा, मग पुढची. गुण्या लावून रेघ फळीच्या वरच्या अंगावर आणि कडेवरही ओढा. सुरुवात करवत मागे ओढून करायची, दोन-तीन हलके ओढ, मग खाच पडली की पूर्ण लांबीचे सावकाश फटके. करवत रेघेच्या टाकाऊ बाजूला चालवा. समान मापाचे तुकडे झाले की एकत्र उभे करून टोकांवर बोट फिरवा. एखादा मिलिमीटर जास्त असेल तर काचकागदानं घासा. एखादा कमी असेल तर त्यालाच सगळ्यांत आत, तळात वापरा.

इथे हात थरथरतील, डोळ्यांत पाणी येईल, रेघ दिसणार नाही. तेव्हा करवत खाली ठेवा. हे हळवेपणाचं सांगणं नाही, बोटं सांभाळायचं सांगणं आहे. रडत करवत चालवू नये.

जोडणी

आधी आखूड बाजू. ३३ सेंमीच्या दोन फळ्या कडेला कडा लावून सपाट ठेवा, म्हणजे २४ सेंमी उंचीची भिंत झाली. मधल्या कडेला गोंद लावा. दोन्ही टोकांना, अगदी कडेशी सारखी करून, एकेक चौकोनी पट्टी उभी ठेवा. ती वरच्या कडेपासून अर्धा सेंमी खाली आणि खालच्या कडेपासून दीड सेंमी वर अशी हवी. खालची जागा तळाच्या फळीसाठी आहे. प्रत्येक फळीतून पट्टीत दोन-दोन स्क्रू. स्क्रू मारण्याआधी २.५ मिमीचं भोक पाडाच, नाहीतर टोकाशी फळी चिरते, आणि ती भेग थेट बाहेरच्या बाजूला दिसते. भोकं पट्टीच्या मधोमध नकोत, थोडी एका अंगाला घ्या, कारण त्याच पट्टीत दुसरीकडून पुन्हा स्क्रू येणार आहेत.

कोपऱ्यांतल्या या पट्ट्या आतली जागा खातात असं वाटेल. पण मांजर गोल झोपतं, चारही कोपरे तसेही रिकामेच राहतात.

मग लांब बाजू. आखूड भिंती समोरासमोर उभ्या करा, ५१ सेंमीच्या फळ्या त्यांच्या बाहेरून लावा, दोन फळ्यांच्या मधल्या कडेला गोंद, आणि पट्ट्यांमध्ये स्क्रू. चौकट झाली की स्क्रू शेवटचे आवळण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. नसतील तर लांब कर्णाची टोकं हातांनी दाबून आत ढकला. दोन-तीन मिलिमीटरच्या फरकाकडे दुर्लक्ष करा.

तळ आत बसतो. पेटी उलटी करा, ४८ सेंमीच्या तीन फळ्या पट्ट्यांच्या टोकांवर टेकतील अशा ठेवा. तिसरी फळी ९ सेंमीपर्यंत चिरावी लागेल. तेवढं जमत नसेल तर दोनच फळ्या ठेवून मध्ये फट सोडा, वर पुठ्ठा अंथरा. स्क्रू खालून मारायचे नाहीत, बाहेरच्या भिंतींतून आडवे तळाच्या कडेत मारायचे: प्रत्येक फळीच्या टोकाला दोन, लांब बाजूंना तीन-तीन. फट सोडली असेल तर खालून एक आडवी पट्टीही मारा. खालून ठोकलेला तळ वजनानं सुटू शकतो, आडवे स्क्रू असे ओढून निघत नाहीत. पाइन घनमीटरला ५०० किलोच्या आसपास भरतं, त्या हिशोबानं ही पेटी साडेपाच-सहा किलोची होते आणि मांजरासकट १० किलोची. वजन फार नाही. पण खड्ड्याच्या तोंडाशी तळ निखळला तर काय, या विचारानं मी गरजेपेक्षा जास्तच स्क्रू मारले होते.

झाकणाच्या तीन फळ्या शेजारी शेजारी ठेवल्या की बरोबर ३६ सेंमी होतात, म्हणजे पेटीची बाहेरची रुंदी. आतल्या अंगाला दोन पट्ट्या आडव्या, टोकांपासून ८ सेंमीवर आणि मधोमध बसवा. पट्टी अन् फळी मिळून जाडी ३ सेंमीच असते, त्यामुळे इथे ३० ऐवजी २५ मिमीचे स्क्रू लावा, नाहीतर टोकं वर येतील. या पट्ट्या पेटीच्या आत उतरतात आणि झाकण सरकत नाही. बिजागरी, कडी काही नको.

हँडलसाठी आखूड बाजूंना, वरून ६ सेंमीवर, १० मिमीची दोन-दोन भोकं पाडा आणि सुती किंवा तागाची दोरी ओवून आतून गाठी मारा. दोरी धरून दोन-तीनदा उचलून बघा, आत एखादी जड पुस्तकांची थप्पी ठेवून.

गोंद वाळेपर्यंत

पांढरा गोंद पकडायला अर्धा-एक तास घेतो. हाच वेळ वाईट. हात रिकामे होतात आणि मग ते सुरू होतं: मला आधी कळायला हवं होतं.

भुरीचं मूत्रपिंड गेलं होतं. चौदा वर्षांची होती. पाणी जास्त पीत होती हे मी पाहिलं होतं आणि उन्हाळा आहे म्हणालो होतो. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की मांजराच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ, वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडाची साधारण तीन-चतुर्थांश ताकद आधीच गेलेली असते. त्यात मांजर दुखणं लपवणारा प्राणी. तुमचं लक्ष नव्हतं असं नाही, दिसण्याजोगं फारसं काही नव्हतं. हे मला पटायला तीन महिने लागले. तुम्हालाही आज रात्री पटणार नाही.

इंजेक्शन देऊन निरोप द्यायचा निर्णय तुम्ही घेतला असेल तर प्रश्न वेगळा येतो: घाई केली का? किंवा, उशीर केला का? मी ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना दोन्ही एकाच वेळी वाटत होतं. दोन उलटे आरोप एकाच माणसावर एकाच प्रसंगाबद्दल होत असतील तर खटल्यातच काहीतरी चुकतंय.

आणि कुणीतरी म्हणेल, ‘अरे, मांजरच तर होतं.’ केनेथ डोका या अभ्यासकानं १९८९ मध्ये अशा दुःखाला नाव दिलं. मराठीत त्याला समाजाची मान्यता न मिळालेला शोक म्हणता येईल: ज्यासाठी सुट्टी मिळत नाही, भेटायला कुणी येत नाही. अशा माणसाशी वाद घालू नका. त्याला फळी धरायला बोलवा. येईल किंवा येणार नाही, दोन्हीतून कळेल. नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार अशा शोकाच्या पाच पायऱ्यांचं वेळापत्रकही कुणी पुढे केलं तर बाजूला ठेवा. एलिझाबेथ कुबलर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६९ मध्ये त्या पायऱ्या मांडल्या, त्या मरणाच्या वाटेवर असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी कुठल्या क्रमानं रडावं याचा तो तक्ता नव्हता. मला जवळचं वाटतं ते श्ट्रोबे आणि शूट या शोकाच्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेलं: माणूस दुःखात आणि रोजच्या कामात असा येरझारा घालत राहतो, आणि दोन्हीकडे जाणं गरजेचं असतं. दहा मिनिटं काचकागद, पाच मिनिटं हमसून रडणं, परत काचकागद. पेटी करताना हे आपसूकच होतं.

घरात लहान मूल असेल तर ‘झोपली’ म्हणू नका. मग त्याला स्वतःच्या झोपेची भीती वाटू लागते. ‘मेली, तिचं शरीर थांबलं’ असं साधं सांगा आणि हातात काचकागद द्या. झाकण रंगवायचं असेल तर खडू किंवा पाण्याचे रंग.

घरातल्या दुसऱ्या मांजराला शरीर हुंगू द्या. काही मांजरं एकदा वास घेऊन निघून जातात, काही नंतर आठवडाभर हाका मारत घरभर शोधतात. त्यांचं खाणं दोन दिवस पूर्ण बंद झालं तर मात्र डॉक्टर गाठा. न खाणाऱ्या मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेतू शकतं.

घासणं आणि रंग

आधी ८० नंबरचा काचकागद, मग १२०, तेवढं पुरे. लाकडाच्या रेषांच्या दिशेनं घासा. आतल्या कडा हातानं चाचपून बघा, कुसळ राहता कामा नये. वार्निश नको. जवसाच्या तेलाचा एक हात दिला तर पाइन मधासारखा दिसतो. पण त्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना तापतात आणि आपोआप पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

ठेवणं

तळाला जुनं सुती कापड दोन-तीन पदरी. त्याखाली लाकडाचा भुसा किंवा रंधलेल्या सालपटांचा थर दिला तर ओल शोषली जाते, तुमच्याच कापणीचा भुसा झाडून गोळा करा. प्लास्टिक आत घालू नका. मांजराला खालच्या कापडासकट उचला, एक हात खांद्याखाली, एक कंबरेखाली, डोकं लुळं पडू शकतं म्हणून अंगठ्याचा आधार द्या. नेहमीची चादर, तुमचा जुना शर्ट, खेळणं, काय ठेवायचं ते ठेवा. मग झाकण. कोपऱ्यांत चार स्क्रू, किंवा लाकडी खुंट्या. मी शेवटचा स्क्रू सकाळपर्यंत मारला नव्हता, तसं केलंत तरी चालतं.

सायप्रसमधल्या शिल्लूरोकांबोस इथे साधारण ९,५०० वर्षांपूर्वीची एक कबर सापडली आहे. माणसापासून ४० सेंमीवर, स्वतंत्र छोट्या खड्ड्यात आठेक महिन्यांचं मांजर. आणि इजिप्तच्या राजपुत्र थुतमोसनं, तिसऱ्या आमेनहोतेपच्या मुलानं, आपल्या मांजरीसाठी चुनखडी दगडाची पेटी कोरून घेतली होती. ‘मांजरासाठी एवढं?’ असं विचारणाऱ्याला सांगायला ही दोन उदाहरणं मी लक्षात ठेवली आहेत.

खड्डा

आधी नियम. घराच्या आवारात प्राणी पुरायची परवानगी सगळीकडे नसते, आणि जागा भाड्याची असेल तर मालकाला विचारावं लागतं. विहीर, ओढा, बोअर यांच्यापासून लांब, पावसाळ्यात पाणी साचत नाही अशी उंचवट्याची जागा बघा. जमिनीखालून पाइप किंवा वायर जात नाही ना तेही.

पेटीवर किमान ६० सेंमी माती हवी. पेटी २५ सेंमी उंच, म्हणजे खड्डा ८५-९० सेंमी खोल आणि ७० × ५५ सेंमी तोंडाचा. हे वाचताना काहीच वाटत नाही. पण ही साधारण अर्धा टन माती होते. नवख्या माणसाला पेटीपेक्षा खड्डाच दमवतो, म्हणून एकट्यानं खणू नका आणि पेटी पूर्ण व्हायच्या आधी खणून ठेवा. खोलीत तडजोड नको. विशेषतः इंजेक्शननं मृत्यू झाला असेल तर त्यातलं पेंटोबार्बिटल शरीरात बराच काळ राहतं आणि उकरून खाणाऱ्या प्राण्यालाही मारू शकतं.

पेटीखालून दोन रुंद कापडी पट्टे घाला, दोन माणसांनी टोकं धरून सावकाश सोडा. दोरीची हँडलं नेण्यासाठी, उतरवण्यासाठी पट्टे. पहिली माती हातानं, बाजूंनी भरा. झाकणावर ढेकळं पडल्याचा आवाज ऐकवत नाही. अर्धं भरल्यावर थोडं पाणी मारून पायानं बसवा. वर एक जड सपाट दगड ठेवला की कुत्री उकरत नाहीत.

जमीनच नसेल आणि दहन करणार असाल तर आधी विचारा की पेटी घेतात का, आणि घेत असतील तर स्क्रूऐवजी लाकडी खुंट्या व गोंद वापरा. दहन एकट्याचं की इतरांबरोबर हेही स्पष्ट विचारा, कारण इतरांबरोबर असेल तर राख परत मिळत नाही. चार किलोच्या मांजराची राख वाटीभर होते. त्यासाठी आतून ८ सेंमीची छोटी चौकोनी डबी पुरते, आणि ती करायला महिनाभर घेतला तरी काही बिघडत नाही.

खड्डा भरताना मातीचा उंचवटा जमिनीपासून १५ सेंमी वर ठेवा. पाऊस पडला की तो बसतो, आणि काही वर्षांनी पाइनचं झाकण आत खचतं तेव्हा पुन्हा एकदा खळगा पडतो. तो दिसला की पोटात गोळा येतो, पण ते अपेक्षितच असतं. पेटीनं जेवढी जागा घेतली तेवढी माती उरलेली असते. ती टाकून देऊ नका, दोन-तीन पाट्या पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवा. पहिल्या पावसानंतर एक पाटी लागतेच.